दोन भांड्यांतला बर्फ

गावंडे, तू ऊन लागून मेलास हे ऐकून मी आधी हसलो. आमच्या आफिसातल्या शिपायाने सांगितलं, अकोल्याचे महादेव गावंडे परवा गेले, घराच्या दारातच पडले, ऊन लागलं. मी म्हणालो, "दुसरा कोणी गावंडे असंल. अकोल्याच्या माणसाले ऊन लागत नसते." हे वाक्य तुझंच. बर्फात अडकून पडलो होतो तेव्हा तू ते जप केल्यासारखं म्हणायचास. शिपाई माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मग मला कळलं की दुसरा गावंडे कोणी नाही. त्यानंतर मला राग आला. रडू पुष्कळ उशिरा आलं, आणि तेही घरी मोरीवर तोंड धुताना, शांताचं लक्ष नाही असं पाहून.

आता लोक तुझं चांगलं बोलतील. मेलेल्याचं वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे, कारण तुझं वाईट मला माहीत आहे तेवढं तुझ्या घरच्यांनाही माहीत नाही, आणि चांगलंही तेवढंच. आपण दोघांनी एक अख्खा हिवाळा जगाच्या पाठीमागे एका खोलीत काढला. आणि आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे. गिलासभर पाण्याचं भांडण. माझ्या घरी, माझ्या बायकोच्या, शांताच्या हातचं तू एकदा पाणी प्यावंस, एवढंच माझं म्हणणं होतं. तू उत्तर न देता उठून गेलास आणि पार निघूनच गेलास. म्हणून आता मी बोलतो आणि तू ऐक.

पठाणकोटला आपण पहिल्यांदा भेटलो. चीनच्या लढाईनंतरची गोष्ट. हिमालयातल्या एका उंच खिंडीपलीकडे हवामानाचं ठाणं होतं, तिथे हिवाळाभर राहायला माणसं हवी होती. मी निरीक्षक, तू बिनतारीवाला. मी वारा, थंडी, बर्फ मोजायचं आणि तू ते आकडे कट्ट-कट्ट करून खाली कळवायचं, एवढंच काम. तू माझ्या ट्रंकेवरचं नाव वाचलंस, वानखडे, भातकुली, आणि फलाटावरच मला मिठी मारलीस. "अरे बाप्पा! आपल्याकडचे!" असं ओरडलास की दोन फौजी वळून बघायला लागले.

वानखडे आमच्यातही असतात आणि तुमच्या कुणब्यांतही. हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून आपल्याकडे कोणी आडनावावर थांबत नाही, पुढचे चार प्रश्न विचारतो. तू विचारले नाहीस. एवढ्या लांब कोणीतरी 'काहून' आणि 'मले' म्हणणारा भेटला, यातच तू खूश होतास. मी सांगितलं नाही, कारण मला कोणी विचारलं नव्हतं. न विचारता आपली जात सांगत फिरायचे दिवस आम्ही छप्पन साली नागपुरात सोडून आलो होतो.

ते पहिले आठवडे चांगले गेले, हे मान्य केलं पाहिजे. दगडी भिंतींची एक खोली, मध्ये बुखारी म्हणजे लोखंडी शेगडी, आणि स्वयंपाकाला तिथलाच एक म्हातारा, नोरबू. तू घरून ज्वारीचं पीठ आणि ठेच्याची बरणी आणली होतीस. भाकरी तू थापायचास, कारण नोरबूची भाकरी पाहून तुला रडू यायचं. पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा तू दारात उभा राहून म्हणालास, "हे काय बावा! कापसाची जिनिंग फुटली काय वर?" आपण एका ताटात जेवायचो. ताटं आणखी होती, पण तूच म्हणायचास की वेगळं जेवायला आपण काय पाहुणे आहोत?

मग शेवटची खेचरं खाली उतरली आणि खिंड बंद झाली. आता उन्हाळ्यापर्यंत कोणी येणार नव्हतं आणि कोणी जाणार नव्हतं. त्याच आठवड्यात, दुपारी, भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवता बुडवता तू मला म्हणालास, "वानखडेभाऊ, तुमी कोणत्या वानखड्यातले? आपली लहानी बहीण आहे. घरचे स्थळ पाहून राह्यले. मले तं तुमी पसंत आहा."

मी म्हणालो, "गावंडे, आमी बौद्ध आहो."

तू हसलास. "म्हंजे या नोरबूसारखे?"

"नाही. छप्पनवाले."

तुझा हात ताटातच थांबला. घास टाकला नाहीस, तेवढी लाज तुझ्यात होती. घास हातात घेऊनच उठलास आणि बाहेर गेलास. वारा एवढा होता की उलटीचा आवाज ऐकू आला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी आकडे घ्यायला निघालो तेव्हा ती दाराशेजारी बर्फात गोठून पडली होती. मी तिला वळसा घालून गेलो, यंत्रं पाहिली आणि परत येताना पुन्हा वळसा घातला. बर्फात घाण लवकर जात नाही. वरून नवा बर्फ पडेपर्यंत ती तिथेच होती आणि मला रोज दिसायची.

त्यानंतर तू जे केलंस ते पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कोणा माणसाला सुचलं नसतं. तिथे पाणी म्हणजे बर्फ. बाहेरून घमेलंभर आणायचा, इस्टोवर वितळवायचा आणि प्यायचा. तू तुझं भांडं वेगळं केलंस, इस्टो वेगळा केलास, इथपर्यंत मला नवल वाटलं नाही. आम्ही विहिरी वेगळ्या पाहिल्या आहेत. पण तू बर्फही वाटून घेतलास. खोलीच्या उगवतीचा बर्फ तुझा आणि मावळतीचा माझा. आभाळातून एकच पडत होता, जमिनीवर आला की तू त्याला जात लावत होतास. मी एकदा मुद्दाम तुझ्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तू घमेलं घेऊन आलास. मी उभा होतो तिथला बर्फ टाळून पलीकडचा खणून घेतलास.

आणि नोरबूचं तुला चालत होतं! तो बौद्ध, मीही बौद्ध. त्याने आयुष्यात किती वेळा अंघोळ केली असेल ते त्याचा देव जाणे. त्याच्या हातचा भात तू खायचास, कारण पहाडी माणसाला जात नसते असं तू ठरवून टाकलं होतंस. बिचाऱ्याला यातलं काहीच कळेना. त्याने तुला विचारलं, वानखडे साबला काही बीमारी आहे का? तू काय म्हणालास ते मला पुढे त्यानेच सांगितलं. तू "हां" म्हणालास. मग तो म्हातारा माझ्यासाठी कसल्याशा मुळ्या उकळून घेऊन आला. म्हणाला, "पी लो साब, ठीक हो जाओगे." मी प्यालो. फार कडू होत्या. त्याचं मन मोडायला मला जमलं नाही, आणि या रोगाला औषध नाही हे त्याला कोणत्या भाषेत सांगावं ते सुचलं नाही.

बिनतारी यंत्र तुझ्या हातात होतं. रोज तू खालच्या माणसांशी बोलत होतास. तुला कळवता आलं असतं. पण काय कळवणार होतास? सोबत्याची जात कळली, माणूस बदलून द्या? खिंडीत हत्ती बुडेल एवढा बर्फ होता. तुला ना मला बाहेर काढता येत होतं ना स्वतःला बाहेर पडता येत होतं, आणि खरं सांगतो गावंडे, तुझी ती तडफड बघायला मला बरं वाटायचं. रोज माझे आकडे माझ्या तोंडून ऐकून घेतल्याशिवाय तुझं काम होत नव्हतं. मी मुद्दाम हळू सांगायचो.

संक्रांत झाली असेल. नोरबूने पिंप वाजवून दाखवलं. पोकळ आवाज आला. दोन इस्टो पेटत होते म्हणून घासलेट दुप्पट जळलं होतं. खात्याने तीन माणसांचं गणित करून माल दिला होता; दोन जातींचं गणित त्यात धरलेलं नव्हतं. नोरबू म्हणाला, आजपासून एकच इस्टो, एकच भांडं. तू म्हणालास, "ठीक आहे. मले पाणी नोको."

आणि तू बर्फ खायला लागलास. नोरबू डोकं आपटून सांगत होता, "बर्फ मत खाओ साब, प्यास बढ़ेगी." तू ऐकलं नाहीस. भातही सोडलास, कारण तो त्याच भांड्यातल्या पाण्यात शिजत होता. भाजलेले चणे आणि बर्फ. तुझे ओठ फाटले. जीभ सुजली. बोलताना शब्द नीट येईनात. अंगात ताप भरला आणि तरी यंत्रासमोर बसून कट्ट-कट्ट करत राहिलास. चहूकडे पाणीच पाणी, डोंगरभर पाणी, आणि माणूस त्यात तहानेने मरतो आहे. मी हे बघत होतो. मला वाईट वाटत नव्हतं. मर लेका, असंच वाटत होतं. हे मी आज लपवणार नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

एका सकाळी तू उठलाच नाहीस. मी जवळ गेलो तर तुझ्या तोंडाला वास येत होता आणि तू आईला हाक मारत होतास. पांढऱ्या चिनीमातीच्या लेपाचा, निळ्या काठाचा एक मग होता आपल्याकडे, काठाचा टवका उडालेला. मी त्यात कोमट पाणी घेतलं, तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि तो मग तुझ्या तोंडाशी धरला. तू डोळे घट्ट मिटून घेतलेस. मला अशी चीड आली की काय सांगू.

"डोये उघड," मी म्हणालो. "डोये उघड आन पाह्य, कोण पाजून राह्यलं. झाकून पेशीन तं देणार नाही."

तू डोळे उघडलेस. माझ्याकडे पाहत तू तो अख्खा मग प्यालास. मग दुसरा मागितलास. माझ्या मांडीवर तुझं डोकं होतं आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहून माझ्या पायजम्यावर पडत होतं. बरा झाल्यावर तू म्हणालास की ते तापाचं पाणी होतं. असेल बाबा.

त्यानंतरचा तू मला आवडायचास. हे सांगायला जड जातं, पण सांगतो. एक भांडं झालं, एक इस्टो झाला, पुन्हा एक ताट झालं. थंडी एवढी वाढली की मगात ओतलेला चहा दोघांनी पटापट न प्याला तर गोठायचा, म्हणून एकाच मगातून एक घोट तू आणि एक घोट मी. संध्याकाळी अंगावर असेल नसेल ते सगळं पांघरून आपण उन्हाच्या गप्पा मारायचो. तू अकोल्याचं ऊन सांगायचास, मी अमरावतीचं. कोणाचं ऊन जास्त, यावर आपण हमरीतुमरीवर यायचो. तू म्हणायचास, "तुमच्या अमरावतीचं ऊन म्हंजे चांदणं आहे लेका. अकोल्याले ये. चैतात चप्पल डांबरात चिपकते आन पाय पुढं जाते." दुपारी तापलेल्या पत्र्याचा वास कसा असतो ते तू एवढं रंगवून सांगायचास की मला घाम फुटल्यासारखं वाटायचं.

आणि माझे डोळे गेले तेव्हाचं. काळा चष्मा न लावता मी बर्फाच्या उन्हात हिंडलो, दुसऱ्या दिवशी डोळ्यांत मिरची भरल्यासारखी आग आणि समोर काही दिसेना. वाटलं, कायमचे गेले. तू चहाचा चोथा फडक्यात बांधून माझ्या डोळ्यांवर ठेवायचास. माझे आकडे तू घ्यायला जायचास, कमरेला दोर बांधून, वादळातसुद्धा, आणि माझ्या नावाने ते खाली पाठवायचास. कोणाला कळू दिलं नाहीस. माझा हात धरून मला संडासला न्यायचास, बाहेर थांबायचास आणि परत आणायचास. आईनंतर मला कोणी असं नेलं नव्हतं. एकदा वाटेत मी म्हणालो, "गावंडे, तुले किळस नाही येत?" तू म्हणालास, "चूप राह्य न बे, दोर पाह्य." तुझा हात खरबरीत होता आणि गरम होता. तो हात आता जाळला आहे तुझ्या लोकांनी.

मला वाटलं होतं, झालं. माणूस एकदा एवढ्या बर्फातून गेला की मागचं सगळं धुऊन निघतं. मी मूर्ख होतो. नुकताच बौद्ध झालेला माणूस जरा लवकर विश्वास ठेवतो.

खिंड उघडली आणि आपण उतरलो. तो टवक्याचा मग सामान बांधताना कुठे सापडेना. मला वाटलं, नोरबूने ठेवून घेतला असेल. भुसावळमार्गे गाडी, त्यामुळे अकोला आधी लागलं. जेठातली दुपार. ज्या उन्हाच्या आपण एवढ्या गप्पा मारल्या ते ऊन फलाटावर उभं होतं. तुझे काका आले होते, तुझी बायको म्हणजे आमच्या वहिनी आल्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. मी तुझं सामान उतरवायला खाली उतरलो. वहिनींनी तुला पाणी दिलं आणि मग तांब्या माझ्याकडे केला. तेवढ्यात काकांनी विचारलं, "हे कोण?"

"माह्या संगं होते वर. वानखडे."

"कोणते वानखडे?"

तू काकांकडे पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस. आणि वहिनींच्या हातातून तांब्या काढून घेतलास. मला वाटलं, तू स्वतःच्या हाताने माझ्या हातात देणार. तू तांब्या उंच धरलास. नुसता उंच धरून थांबलास, मी ओंजळ करावी म्हणून. भरल्या फलाटावर मी वाकलो, ओंजळ तोंडाशी धरली आणि तू वरून ओतलंस. कोपरावरून पाणी ओघळून माझ्या बुटांवर पडत होतं. का प्यालात असं शांताने मला किती तरी वेळा विचारलं आहे. तहान लागली होती म्हणून प्यालो.

पुढे तू अकोल्याला लागलास, मी अमरावतीला, आणि माझं लग्न झालं. मला वाटलं, आता तोंड दाखवणार नाहीस. पण तू यायला लागलास. राजापेठेतल्या माझ्या दोन खोल्यांच्या ओट्यावर येऊन बसायचास, काम असो नसो, तासन्‌तास. फलाटाचा विषय मी काढला तर म्हणायचास, "वरचं वर राह्यलं वानखड्या. खाली मी एकटा नाही, माह्या मागं गाव आहे." मी म्हणायचो, माझ्या ओट्यावर कोणतं गाव बसलं आहे? इथे तू, मी आणि शांता. तू हसायचास आणि खांद्यावरची पाण्याची छागल तोंडाला लावायचास. ती कापडी पिशवी तू अकोल्याहून भरून आणायचास, माझ्या घरी पाणी मागायची वेळ येऊ नये म्हणून.

संत्री मात्र खायचास. सालीतल्या फळाला विटाळ नाही, असं तुमचं शास्त्र. शांता तुझ्यासमोर टोपली ठेवायची आणि तू स्वतःच्या हाताने सोलून खायचास, बिया अंगणात थुंकायचास. ती एकदा तुझ्या तोंडावरच म्हणाली, "भाऊजी, तुमाले सालीतलं चालते न? थांबा, मी पाण्यालेही साल लावून पाह्यतो." तू लाजलास. संत्र्याची फोड घशात अडकून तुला ठसका लागला आणि तरी तू पाणी मागितलं नाहीस. ती पाठ चोळायला धावली, मग आठवण होऊन मध्येच थांबली.

आता त्या दिवसाचं. तू भर दुपारी आलास. तुझ्या त्याच बहिणीचं लग्न ठरलं होतं, आणि तू आमंत्रण द्यायला आलास. वैशाखात संत्री कुठून असणार? घरात सालीतलं काहीच नव्हतं. तुझी छागल बसमध्येच रिकामी झाली होती, लोंबत होती नुसती. चेहरा लाल झाला होता. मी पाहताक्षणी ओळखलं, कारण तो चेहरा मी आधी एकदा मांडीवर घेतला होता.

"लग्नाले ये," तू म्हणालास. "वहिनीलेही घेऊन ये."

"येतो."

"पण जेवणाचं तेवढं..." तू ओट्याची माती नखाने उकरायला लागलास. "पंगतीत नोको बसू. मी डबा भरून देतो तुले. डबल देतो."

मी शांताला हाक मारली. पाणी आण म्हणालो. तिने माठातलं पाणी, चांगला घासलेला पितळी गिलास भरून, तुझ्या गुडघ्याशी ठेवला. गिलासाला बाहेरून थेंब फुटले होते. मी म्हणालो, "हे पे. मंग मी लग्नाले येतो, आन तुह्या गोठ्यात बसून जेवतो. मंजूर?"

तू त्या गिलासाकडे किती वेळ बघत राहिलास! शांता दारात उभी होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, वऱ्हाडात त्या वेळी कुत्रंही सावली सोडत नाही. तुझं गाव, तुझे काका, तुझा फलाट, कोणी नव्हतं. तू हात पुढे केलास. बोटं गिलासाला लागली, ओली झाली. मग तू ती बोटं धोतराला पुसलीस, उठलास, टोपी नीट केलीस आणि म्हणालास, "पाह्यतो. सांगतो तुले." उन्हातून चालत बसकडे गेलास. संध्याकाळी अकोल्यात मेलास.

आता लोक मला सांगतात की मी त्या दिवशी हट्ट करायला नको होता. तुमच्या जातीतले नाही, माझ्यातलेच सांगतात. मी त्यांना सांगतो, गिलास भरलेला होता, हाताशी होता आणि तो त्याने तसाच ठेवला. पुन्हा तू येऊन त्या ओट्यावर बसलास तर मी पुन्हा तेच म्हणेन. बर्फात मी तुझ्या तोंडात पाणी घातलं. इथेही घातलं असतं, पण इथे तू बेशुद्ध नव्हतास.

तुझ्या तेरवीला मी येणार नाही, तेरवीत पंगत असते. चौथ्या दिवशी आलो. मोर्णा नदीच्या अलीकडचं तुझं घर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. काका ओसरीवर होते, त्यांनी मला ओळखलं आणि मान फिरवली. वहिनी अंगणात आल्या. खाली बसल्या, रडल्या, मग मला म्हणाल्या, "उन्हातून आले भाऊजी. पाणी आणतो." आणि घरात न जाता गोठ्याकडे गेल्या.

त्यांच्या हातात तो मग होता. पांढरा, निळ्या काठाचा, टवका उडालेला.

"तुमचाच आहे हा," त्या म्हणाल्या. "थे सांगून राह्यले होते, वानखडे घरी आले तं याच्यातच पाणी द्या. घरच्या भांड्यात नोका मिसळू."

म्हणजे ज्या मगातून आपण घोट-घोट प्यालो, तो तू चोरून डोंगरावरून खाली आणलास आणि गोठ्यात माझं वेगळं भांडं म्हणून ठेवलास. मला घरी एकदाही बोलावलं नाहीस, पण विटाळाची सोय करून ठेवलीस. वहिनी समोर नसत्या तर मी तो दगडावर आपटला असता.

त्यांना माझ्या मनातलं दिसलं असावं. त्या हळूच म्हणाल्या, "राग नोका धरू. थे सोता याच्यातच पेत. उन्हातून आले का पयले गोठ्यात जात. मी म्हणो, घरात माठ भरला आहे, इकडं काहून? तं म्हणत, इथलं गोड लागते. मायले सांगू नोको म्हणत."

मी विचारलं, "त्या दिवशी?"

"त्या दिवशी गोठ्यापर्यंत पोचलेच नाही. दारात पडले. घरातून तांब्या आणेपर्यंत..."

महादेवा, तू भित्रा होतास. दुसरा शब्द नाही. तू बैलांच्या आडोशाला उभा राहून, आईपासून लपून, माझ्या भांड्यात पाणी पीत होतास, आणि माझ्या ओट्यावर बोटं पुसून उठलास. मला ते गोठ्यातलं पाणी नको होतं रे. मला ते दिसायला हवं होतं. शांताला दिसायला हवं होतं. एकदाच. तू एवढा माझा होतास हे मला तुझ्या बायकोकडून कळावं, तेही तू मेल्यावर?

मी ते पाणी प्यालो. तिथेच, अंगणात, काका बघत असताना, टवक्याच्या बाजूने तोंड लावून. आणि तो मग मागून घेतला. वहिनींनी लगेच दिला. आता त्या घरात त्याचं काही काम नव्हतं.

राजापेठेत परत आलो तेव्हा उन्हं उतरली होती. शांताने पिशवीतून मग काढला, उलटासुलटा करून पाहिला. कोणाचा आहे ते मी सांगितलं. सगळं सांगितलं. तिने तो राखेने घासला, विसळला आणि विचारलं, "आपल्या भांड्यात लावू?"

"नोको," मी म्हणालो. "बाहेर ओट्यावरच्या कोनाड्यात ठेव. येगळाच राहू दे."

ती जायला निघाली. दारापर्यंत गेली असेल.

"शांता," मी म्हणालो, "पण भरून ठेवजो."